नाकाचा रकाना

आमच्या दुकानात सीट बेल्ट मिळतात. काळे मिळतात, करडे मिळतात, आणि एक लाल जोडी आहे जी सात वर्षं कुणी घेतलेली नाही. गाड्यांच्या सुट्या सामानाचं दुकान आहे, शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला. आज्जांनी, म्हणजे चनबसाप्पांनी काढलं. आता आप्पा, म्हणजे माझे वडील राजशेखर, ते चालवतात आणि मी तिथं बसतो. बसतो हे क्रियापद मी विचार करून वापरलंय. आप्पाही माझ्याबद्दल तेच वापरतात.

बेल्टचं आधीच सांगितलं, कारण पुढचं ऐकलं की माणसं हमखास विचारतात, की लेका, भिंतीवर बेल्ट टांगलेत आणि तुमच्याच टेंपोला बेल्ट नव्हता?

होता. गणपतीत गेला. एका वर्षी तालमीचा गणपती आणायला आमचा टेंपो गेला होता आणि दोर घरी राहिला. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की ड्रायव्हरचा पट्टा कापून मूर्ती बांधू. बांधली. मूर्ती कुंभार गल्लीतून तालमीपर्यंत सुखरूप आली, सोंडेला चरा नाही. तेव्हापासून ड्रायव्हर मोकळा.

नवा का बसवला नाही, तर आज्जांचा नियम होता की दुकानातला माल घरच्या गाडीला लावायचा नाही. एकदा घरात शिरला की गिऱ्हाइकाला काय देणार, असं त्यांचं म्हणणं. आज्जा जाऊन बारा वर्षं झाली. नियम अजून ठणठणीत आहे.

मग आमच्या टेंपोचं पासिंग कसं व्हायचं? भांड्यांवर.

आमच्या तालमीत लग्नकार्याची मोठी भांडी आहेत. गल्लीत कार्य निघालं की न्यायची, घासून परत आणून द्यायची. कुणी घरोघरी दोनशे माणसांचं पातेलं घेऊन ठेवत नाही. तोच विचार आज्जांनी गाड्यांना लावला. गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओच्या मैदानावरची तपासणी, वर्षातून एकदा. त्या एका दिवसासाठी प्रत्येकानं अग्निशामक कशाला घ्यायचा? म्हणून आमच्या माळ्यावर एक संच असायचा. दोन वायपर, एक स्टेपनी, एक लाल नळकांडं, एक प्रथमोपचाराची पेटी, मागचे-पुढचे रिफ्लेक्टर आणि एक सीट बेल्ट. ज्याचं पासिंग असेल त्यानं न्यायचं, गाडी पास करून आणायची, संच परत. फोनवर सगळे "भांडी रिकामी हायत का" असंच विचारायचे. नवा माणूस असला की आई आतून ओरडून सांगायची, की आमच्यात भांडी भाड्यानं देत नाहीत.

पेटीतलं बँडेज एकच होतं आणि त्यानं साठेक गाड्यांना मदत केलेली, रक्त न बघता. रिफ्लेक्टरची पट्टी मात्र एकदा चिकटवली की निघत नाही, निघाली की फाटते. त्यावर मी तोडगा काढला. पट्ट्या चुंबकाच्या पत्र्यावर चिकटवल्या. गाडीला लावा, मैदानावर जा, परत या, टकाटक काढून घ्या. तीन वर्षं इंजिनिअरिंग करून माझा चाललेला प्रकल्प एवढाच. मला त्याचा अभिमान होता, आणि हे लिहिताना माझी मान खाली आहे.

यात साहेबांची काही चूक नाही, हे सांगायला हवं. मैदानावरचे साहेब नीट बघायचे. बेल्ट ओढून बघायचे, खटकन लागतो का, धक्का दिला की अडतो का. नीट बघायचे म्हणून तर खरा बेल्ट लागायचा. त्या दिवशी त्या गाडीत सगळं असायचंच. दुसऱ्या दिवशी कुठल्या गाडीत असेल, हे विचारणं त्यांच्या कामात येत नव्हतं.

आता बाळासोकाका.

बाळासोकाका आमच्या टेंपोवर एकतीस वर्षं. म्हणजे टेंपो तीन झाले, ड्रायव्हर एकच. मी चार वर्षांचा असताना मला त्यांनी स्टेअरिंगवर बसवलं होतं आणि मी घरी येऊन सांगितलं होतं की हुपरीला मीच नेला. हुपरी, कुरुंदवाड, जयसिंगपूर, ट्रॅक्टरच्या सामानाची दुकानं जिथं असतील तिथं आमचा माल ते पोचवायचे. माणूस बारीक, आवाज मोठा, आणि नाक तर असं की आमच्या अख्ख्या दुकानाला नसलेली अक्कल त्या नाकात होती.

थट्टा नाही ही. काका वासावर गाडी चालवायचे. क्लच प्लेट जळायला लागली तर गाडीला कळायच्या आधी त्यांना कळायचं. डिझेल गळतंय, वायर तापलीय, ब्रेक लायनर घासतंय, प्रत्येकाला त्यांच्याकडे वेगळा वास आणि वेगळी शिवी होती. हायवेवरून जाताना कुठल्या फाउंड्रीत ओतकाम चाललंय ते सांगायचे. एकदा दुकानात आल्या आल्या थांबले आणि आईनं आज मेथी केलीय आणि ती लागलीय असं म्हणाले. घर दुकानाच्या मागं आहे, मध्ये गोदाम. आईनं जाऊन बघितलं. लागली होती.

मार्चमधला सोमवार. आमच्या टेंपोचं पासिंग झालं. ब्रेक नवे करून घेतले होते, कारण ब्रेक भांड्यांत येत नाहीत, ते ज्याचे त्यालाच करावे लागतात. काका एकटेच मैदानावर जाऊन आले. अकराच्या सुमाराला दुकानासमोर टेंपो लावला, दार उघडलं, उतरायला गेले आणि अडकले. बेल्ट काढायचा राहिला होता. मैदानापासून दुकानापर्यंत लावूनच आले होते. मी काउंटरमागं हसलो, तेही हसले. मी पाना घेऊन बेल्ट काढायला गेलो, तर ते सीटवरच बसून राहिले.

"ऱ्हाऊ दे की हो छोटं मालक, दोन दिस," ते म्हणाले. "बरं वाटतंय. कुणीतरी मागनं धरून बसल्यागत."

दुसऱ्या दिवशी केरबाचं पासिंग होतं. केरबाचा टेंपो फाउंड्रीचा माल वाहतो. त्याला मी शब्द दिला होता. आणि मला विनोद करायची सवय आहे.

"काका, तुम्हाला धरायला तानाबाई काकू हायत की घरात."

काका पुन्हा हसले. खाली उतरले. सतरा नंबरचा पाना माझ्या हातून सीटखाली पडला होता, तो त्यांनीच वाकून काढून दिला. मी दोन बोल्ट सैल केले, बेल्ट गुंडाळला, केरबाला दिला. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. भिंतीवर त्या वेळी नऊ बेल्ट होते, ते मी नंतर मोजले.

बुधवारी सकाळी काका हुपरीला माल घेऊन निघाले. त्या रस्त्यावर जे झालं ते मी चार जणांकडून ऐकलंय आणि चौघांचं तंतोतंत जुळतं. जुळलं नसतं तर मीही विश्वास ठेवला नसता.

एका मोपेडवर दोघे भाऊ चालले होते. बहिणीच्या लग्नात द्यायच्या कपाटाचा आरसा घेऊन. आरसा साडेपाच फूट. मागचा भाऊ तो आडवा धरून बसलेला. असला माल दुचाकीवरून न्यायचा नाही असा नियम असणार, पण भावांकडे लग्नाची तारीख होती. वळणावर मोपेड समोर आडवी आली, आणि काकांना दिसलं की समोरून एक टेंपो थेट अंगावर येतोय. पांढरा. काचेवर आमच्याच दुकानाचं नाव, फक्त उलटं. ड्रायव्हरही ओळखीचा वाटला, असं काका नंतर म्हणाले. फार घाबरलेला दिसत होता बिचारा.

काकांनी त्या टेंपोला वाचवायला ब्रेक मारला.

ब्रेक उत्तम लागले. सोमवारीच साहेबांनी तपासून पास केले होते. टेंपो जागच्या जागी थांबला. आतला माल थांबला. काका तेवढे थांबले नाहीत. कपाळ काचेच्या वरच्या पट्टीवर जाऊन आदळलं.

आरशाला ओरखडा नाही. दोघे भाऊ चांगले होते, पळून गेले नाहीत. काकांना उतरवून बांधावर बसवलं, पाणी दिलं. कुठं लागलंय ते काकांना कळेना, तर आरसा समोर धरला. काकांनी त्यात बघून रक्त पुसलं आणि मग मला फोन केला. पहिलं वाक्य, माल चांगला हाय.

पाच टाके पडले. डोक्याचे फोटो काढले, आत काही नाही म्हणाले, दोन दिवस ठेवून घेतलं. तानाबाई काकू खुर्चीवर बसून होत्या, मी उभा होतो. केरबा केळी घेऊन भेटायला आला. त्यानं काकांची चौकशी केली, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला की त्याचं पासिंग झालं, पण बेल्ट अजून गाडीतच आहे, आणायला सवड झाली नाही. त्यावर त्यानं टॉवेल वाळत घातला होता. बुधवारी तो बेल्ट लावून कुणीच बसलेलं नव्हतं. मी म्हणालो, असू दे, सावकाश दे.

आप्पा दवाखान्यातून दुकानात गेले, स्टूल घेतलं, भिंतीवरचा काळा बेल्ट काढला आणि टेंपोला बसवला. स्वतः. आज्जांच्या फोटोकडे बघितलं नाही. शेजारच्या सीटलाही बसवला. मग हात धुऊन गल्ल्यावर बसले. मला रागावले असते तर बरं झालं असतं. आप्पा रागावण्याच्या बाबतीत नेहमीच माझ्याशी कद्रूपणा करतात.

आठवड्यानं मी काकांच्या घरी उचगावला मिसळ घेऊन गेलो. त्यांच्या आवडीच्या गाड्यावरची, कट वेगळा बांधून. काका खायला लागले, मी बघत बसलो. तोंडावर काहीच नाही. डॉक्टरनं सांगितलेली गोळी खावी तसं खात होते. कपाळाला घाम मात्र फुटला होता. मी विचारलं, आज बिघडलीय का. काकांनी चमचा खाली ठेवला आणि काकू आत गेल्यात का ते बघून हळूच सांगितलं.

"अमरेश, तिखट लागतंय. चव लागत न्हाय. नुसता जाळ."

काकूंना आधीच कळलं होतं. दोन दिवसांपूर्वी दूध उतू जाऊन करपलं होतं, घरभर धूर, आणि काका शेगडीपासून चार हातांवर बसून पेपर वाचत होते.

डॉक्टरांनी समजावलं. डोकं जोरात आपटलं की नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक धागे तुटतात. टाके घालायला ते सापडत नाहीत. वास गेला की चव जाते. खारट, आंबट, गोड जिभेला कळतं, बाकी सगळं नाकाचं काम असतं. कधी कधी सहा-आठ महिन्यांत परत येतं, कधी नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरावीक वास घ्यायचे, नाकाला आठवण करून द्यायची, एवढाच उपाय.

ती जबाबदारी मी घेतली. लवंग, कापूर, लिंबू, निलगिरी. रोज सकाळी दुकानाच्या बाकावर काका डोळे मिटून बसायचे, मी एकेक डबी नाकाखाली धरायचो. गिऱ्हाइकं थांबून बघायची. एका पावण्यानं मला विचारलं की हे पासिंगसाठी नवीन काढलंय का. पंधरा दिवस झाले तरी डब्या चार आणि उत्तर एकच, न्हाय. मग मला वाटलं, वास पुरेसा दणकट नसावा. हिंग आणला. गावठी लसूण आणला. चामड्याची नवी कोरी कोल्हापुरी चप्पल आणून नाकाला लावली, तेव्हा रस्त्यावरच्या दोघांना वाटलं मी काकांना मारतोय. शेवटी मी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सुकट घेऊन आलो. आमच्या घरी लसूणसुद्धा सोमवारी चालत नाही. मी ती सुकट आईच्या डब्यातून आणली हे आईला डबा उघडायच्या आधीच कळलं. तिनं डबा फेकला आणि मला अंगणात उभं करून डोक्यावर पाणी ओतलं. कन्नडमध्ये जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि मराठीत त्याला शब्दही नाहीत.

पण त्याआधी मी सुकट काकांच्या नाकाखाली धरली होती.

"काय हाय?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"सुकट."

"तुमच्या घरच्या डब्यात?" काका डोळे उघडून इतके हसले की टाक्यांच्या जागी दुखलं. हसून झाल्यावर डबा स्वतः हातात घेतला, पुन्हा नाकाला लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग झाकण घट्ट बंद करून मला परत दिला.

त्या दिवसानंतर मी भांडी मोडली. संच द्यायचा बंद केला. लोक चिडले. एकानं आज्जांचं नाव काढलं, चनबसाप्पा असते तर असं झालं नसतं म्हणाला. खरं होतं ते. मी त्याला स्टेपनी विकत देऊ केली, तो निघून गेला.

महिन्याभरानं काका पुन्हा टेंपोवर आले. बेल्ट लावून. मी शेजारी बसतो म्हणालो, नको म्हणाले. मे, जून, जुलै बरं चाललं. ऑगस्टमध्ये एकदा जयसिंगपूरहून येताना मागचा ब्रेक धरून राहिला आणि लायनर जळायला लागलं. हे पूर्वी काकांना अर्ध्या किलोमीटरात कळलं असतं. त्या दिवशी मागच्या चाकातून धूर निघाला, तरी काका चालवतच होते. शाळा सुटली होती. रस्त्याच्या कडेनं सायकलींवरून मुलं चाललेली. ती हात करायला लागली, काकांना वाटलं पोरं टाटा करताहेत. त्यांनीही हात केला. शेवटी एका एसटीवाल्यानं आडवी घालून थांबवलं.

मी दुसरी गाडी घेऊन पोचलो तेव्हा चाक विझवून झालं होतं. टेंपोला तेव्हा स्वतःचा अग्निशामक होता. काका रस्त्याच्या पलीकडे दगडावर बसले होते. मला म्हणाले की मुलं किती होती ते त्यांना आठवत नाहीये, ते मोजायचा प्रयत्न करतायत.

नोव्हेंबरमध्ये त्यांच्या लायसनची मुदत संपत आली. नूतनीकरणाचे अर्ज मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर भरून देतो. काका डॉक्टरांचा दाखला घेऊन आले. दाखला झकास होता. दृष्टी चांगली. ऐकू चांगलं येतं. लाल-हिरवा ओळखतात. हातपाय शाबूत. गाडी चालवण्यास पात्र. मी तो दोनदा वाचला. नाकाचा रकाना कुठंच नव्हता. कायद्यानं माणसाचे डोळे, कान, हात, पाय, सगळं विचारलंय, नाक तेवढं विचारलेलं नाही. मला इतका आनंद झाला की मी चहा सांगितला.

मग अर्जातले प्रश्न आले. फीट येते का, नाही. चक्कर येते का, नाही. रातांधळेपणा आहे का, नाही. मी टकाटक नाही-नाही करत खाली आलो. शेवटचा प्रश्न मोठा होता. तुमच्या वाहन चालवण्यामुळे लोकांना धोका होईल असा दुसरा कोणता आजार किंवा व्यंग तुम्हाला आहे का?

काका माझ्या मागं उभे राहून चष्मा सावरत वाचत होते. मी 'नाही'वर बाण नेला.

"व्हय लिही."

मी म्हणालो, काका, हा प्रश्न वेगळ्या गोष्टींसाठी असतो. डॉक्टरांनी पात्र लिहून दिलंय, साहेब दाखला बघणार, कुणी वास घ्यायला लावणार नाही. मी वकिलासारखा बोलत होतो. आपल्या गाडीला धुराचा अलार्म बसवू, असंही म्हणालो. मी शेजारी बसून येत जाईन, मी वास घेईन. शेवटी म्हणालो, नाकाला कायद्यात जागाच नाही.

"कायद्यात न्हाय, टेंपोत हाय," काका म्हणाले. "लिही."

दुकानात आम्ही दोघंच होतो. आप्पा बँकेत गेले होते. हे सांगायला मी आठ महिने जागा शोधत होतो, आणि ती अशी प्रश्न क्रमांक सातच्या खाली सापडेल असं वाटलं नव्हतं. मी काकांकडे न बघता, स्क्रीनकडे बघत म्हणालो, "काका, तुम्ही पट्टा ऱ्हाऊ दे म्हणाला होता."

 काका माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून म्हणाले, "मी काय घालणार हुतो व्हय तो? मैदानावर सायब हुता म्हणून घातला. बुधवारी घातला नसता मी. तू ठेवला असतास तरी तसाच लोंबत ऱ्हायला असता. सोड."

हे खोटं होतं. मैदान सुटल्यावर, साहेब मागं राहिल्यावर, पूर्ण रस्ता ते बेल्ट लावून आले होते. दुकानासमोर त्यातच अडकले होते. मी बघितलं होतं, आम्ही दोघं हसलो होतो. हे त्यांना आठवत होतं, आणि मला आठवतंय हेही त्यांना माहीत होतं. तरी बोलले. एकतीस वर्षांत बाळासोकाकांनी मला सांगितलेलं हे एकच खोटं.

आणि मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं दोन मिनिटं छान हलकं वाटलं. त्या दोन मिनिटांची मला अजून लाज वाटते, सोमवारच्या सहा मिनिटांपेक्षा जास्त.

मी 'होय' केलं. खाली एक चौकट उघडली, तपशील लिहा. मी लिहिलं, वास येत नाही. पुढं लिहायला बोटं नेली तर काकांनी मनगट धरलं.

"तेवढंच. कशानं ते लिहू नको. जागा न्हाय तिथं."

जागा होती. दोनशे अक्षरांची होती. मी मान डोलावली.

'पाठवा' हे बटण त्यांनी स्वतः दाबलं. एका बोटानं, हॉर्न वाजवावा तसं. मग खिशातून टेंपोची किल्ली काढून काउंटरवर ठेवली आणि चहा आला होता तो प्यायले. गरम हाय, म्हणाले. चहाबद्दल आता ते एवढंच सांगू शकतात.

अर्जावर उत्तर यायचं तेव्हा येईल. लायसनची मुदत अजून चार दिवस होती. पण काका म्हणाले, कागद गेला तवाच मी उतरलो. कुरुंदवाडचा माल तयार होता, दुपारच्या आत पोचवायचा होता. मी किल्ली उचलली. माझ्याकडे लायसन आहे. काका शेजारच्या सीटवर येऊन बसले. कुरुंदवाडला कुठल्या दुकानात कुठल्या बाजूनं गाडी लावायची ते मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षांत ते पहिल्यांदा त्या बाजूला बसले होते. पाय कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. ब्रेक मारायच्या जागी ते मोकळी जमीन दाबत होते.

हेर्ले ओलांडल्यावर त्यांनी मला विचारलं, कसला वास येतोय.

मी म्हणालो, कसलाच नाही.

"नीट घे. आधी काच खाली कर. तोंड मिटून घे."

मी घेतला. होता खरा. मी म्हणालो, गोड आहे काहीतरी.

काका सरळ बसले. गोड कसला, फळासारखा का उकळल्यागत, हे त्यांनी विचारलं. मी म्हणालो उकळल्यासारखा, दाट. सारखा येतोय का अधनंमधनं? सारखा. काकांचा चेहरा बदलला, म्हणजे पूर्वीसारखा झाला. गाडी बाजूला घे म्हणाले. कूलंट गळत असणार, नळी गेली असणार, अजून दोन किलोमीटर हाणली असतीस तर इंजिन बसलं असतं. आवाज मोठा झाला होता. मी गाडी घेतली. ते माझ्याआधी उतरले, बोनट उघडलं, बाही वर केली, वाकून नळ्या एकेक चाचपल्या. हात सगळीकडे कोरडा. बाटलीत कूलंट खुणेपर्यंत भरलेलं. ते पुन्हा पहिल्यापासून चाचपायला लागले.

तोवर मला दिसलं होतं. उसाच्या फडापलीकडं पत्र्याचं छप्पर, त्यातून वाफ, बाजूला चिपाडाचा ढीग. गुऱ्हाळ होतं. काहिलीतला रस उकळत होता आणि सगळा रस्ता त्या वासानं भरला होता. त्या रस्त्यावर तो वास न ओळखणारा मी एकटाच असणार.

मी काकांना बोटानं दाखवलं. ते सरळ उभे राहिले आणि तिकडे बघायला लागले. वाफेकडे बघत त्यांनी एकदा खोल श्वास घेतला, सवयीनं.

"सीझन सुरू झाला व्हय," ते म्हणाले.

पंधरा दिवस झाले होते सुरू होऊन. गावात, आमच्या गल्लीत, उचगावात त्यांच्या घरामागं, सगळीकडे तो वास होता. मी म्हणालो, आजच झाला असेल.

मी बोनट लावायला गेलो तर काकांनी थांबवलं. जरा इंजिन गार हूं दे, म्हणाले. इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं. मी बोनट उघडंच ठेवलं आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.